दाजींची स्टुलं

आमच्या दाजींना राग येत नाही, ही त्यांची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट आहे. मी त्यांचा मेहुणा. बाबांच्या फर्निचरच्या दुकानात बसतो आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. दाजींना चार शब्द सुनावून बघा, ते शांतपणे मान हलवतात आणि विचारतात, "बरं, मग टेम्पो कुठे उभा करता?" अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

दाजी रस्ते आखणाऱ्या कार्यालयात आहेत. उपनगरातून शहराकडे जाणारा आमचा मुख्य रस्ता असा तुंबतो, की बसमधला माणूस उतरून चालत निघाला तर आधी पोचेल. त्या रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी वेगळी लेन काढायची, तिच्यात दुसऱ्या कुणी शिरायचं नाही, ही योजना दाजींच्या टेबलावर आली. आमचं दुकान नेमकं त्याच रस्त्यावर, ऐन बाजारात. त्यात बाबा व्यापारी संघाचे अध्यक्ष. म्हणजे घरातच महाभारत.

दाजी ताईला घेऊन घरी आले असताना बाबांनी विषय काढला. लेन बाजाराच्या अलीकडे थांबवा, बाजार संपला की पुन्हा सुरू करा, एवढंच त्यांचं म्हणणं.

"बाबा, बस अडकते ती बाजारातच," दाजी म्हणाले. "तिथेच लेन तोडायची म्हणजे पाऊस आला की छत्री मिटायची."

"आणि माझं गिऱ्हाईक काय कपाट डोक्यावर घेऊन जाणार?"

"त्याची सोय मी करतो. पण लेन तोडता येणार नाही."

"मग जोवर ती तुटत नाही, तोवर या घराची पायरी चढू नका!"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजींनी शांतपणे चपला घातल्या. मला तेव्हा बाबांचंच पटलं होतं.

पुढच्या आठवड्यात दाजी दुकानात हजर.

"तुम्हाला काय सांगितलं होतं?" बाबा गुरगुरले.

"घरी येऊ नका म्हणालात. हे तर दुकान आहे. मला एक स्टूल हवंय."

दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं बाबांच्या रक्तात नाही. ते मूळचे सुतार. दुकानातला बाकी माल बाहेरून येतो, पण स्टुलं अजून ते स्वतः बनवतात, आणि त्यातलं एखादं डुगडुगलं तर त्यांना चैन पडत नाही. दाजींनी स्टूल विकत घेतलं आणि त्यावरच फुटपाथच्या कडेला बसून रस्ता बघत राहिले. टेम्पो कुठून येतो, माल कुठे चढतो, कोण कुठे रस्ता ओलांडतं. मला विचारलं, आमच्या पॉलिशवाल्याला विचारलं. संध्याकाळी स्टूल काखोटीला मारून गर्दीच्या बसमध्ये चढले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, पुन्हा नवं स्टूल, आणि नंतरही कित्येक आठवडे तेच. बाबा ढुंकून बघत नव्हते, पण स्टूल मात्र दर वेळी पुसून देत होते.

ताईचा मला फोन आला. "अरे, घरात पाय ठेवायला जागा नाही. एकावर एक रचून ठेवलीत. आमच्याकडे काय सभा भरणार आहे?"

"मग सांग ना त्यांना, बस झालं म्हणून."

"सांगितलं. म्हणतात, बाबांना भेटायला दुसरं निमित्त आहे का माझ्याकडे?"

खरं सांगतो, त्या दिवसापासून मला या माणसावर चिडणं जमेना.

दुकानांच्या मागच्या गल्लीत टेम्पो उभे राहतील असा नवा नकाशा दाजींनी काढला. बाबांनी तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. तिकडे दाजींचे साहेबही कंटाळले होते. रविवारी एक दिवस लेन चालवून बघू, बाजारात गोंधळ झाला तर तेवढा तुकडा सोडून देऊ, असं त्यांनी ठरवलं.

रविवारी सगळी दुकानं उघडी होती. लेन आखायला आणलेले प्लास्टिकचे शंकू बाजाराच्या तोंडाशीच संपले. साहेब म्हणाले, राहू द्या मग. दाजींनी ताईला फोन लावला. थोड्या वेळाने ताई टेम्पोत बसून आली आणि टेम्पोतून उतरली ती स्टुलं. दोघांनी मिळून भर बाजारात त्यांची सरळ रांग लावली.

"ही माझी स्टुलं आहेत," बाबा पायरीवरून म्हणाले. कुणाला म्हणाले, देव जाणे.

बस आली आणि न थांबता गेली. मागून दुसरी आली, तीही गेली. रोज बस अडकली म्हणून उशिरा येऊन बोलणी खाणारा पॉलिशवाला त्या दिवशी आमच्या चहाच्या आधीच दारात उभा होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं, आणि उगाच एक कपाट पुसायला घेतलं.

तेवढ्यात एका मोटारसायकलचा धक्का लागून आमच्या दुकानासमोरचं स्टूल आडवं झालं. फट दिसताच मोटारींची तोंडं तिकडे वळली. दाजी रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला होते. संघाची मंडळी फुटपाथवर जमली होती, त्यातला एक हसून म्हणाला, "अध्यक्ष, आता बघा गंमत!"

बाबांनी फडकं टाकलं आणि तरातरा रस्त्यात उतरले. हात आडवा करून मोटार थांबवली, स्टूल उचललं, चारही पाय तपासले, आणि ते रांगेत नीट एका रेषेत ठेवलं.

"काका, जरा सरका, जाऊ द्या की," मोटारवाला ओरडला.

"दिसत नाही का तुला?" बाबा कडाडले. "बसची लेन आहे ही!"

अख्खा व्यापारी संघ त्यांच्याकडे बघत राहिला. आपण काय बोललो हे बाबांनाही कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. पण ते जागचे हलले नाहीत. स्टुलावर हात ठेवून तिथेच उभे राहिले. मोटारवाला मुकाट्याने मागे सरला, आणि बाबांच्या पाठीमागून बस निघून गेली.

दाजी धापा टाकत आले. "बाबा, लागलं नाही ना कुठे?"

"याचा एक पाय हलतोय," बाबा स्टुलाकडे बघत म्हणाले. "संध्याकाळी घेऊन या, ठोकून देतो."

"दुकानात आणू?"

"दुकान बंद असेल तेव्हा. घरी आणा."

दाजी घुटमळले. "पण बाबा, लेन तर तुटली नाही."

"दिसतंय मला," बाबा म्हणाले. "ताईलाही आणा."