टाकीतलं शिळं पाणी

आईला कुठंतरी मोकळ्यावर न्यायचं, ही कल्पना माझ्या नवऱ्याची. बाबा गेल्यानंतर ती आमच्याकडे सिंगापूरला आली होती, बिशानच्या फ्लॅटवर. तिच्या तिथं राहण्याच्या पासची मुदत संपत आली होती. वाढवायची तर अर्ज करायला हवा होता, आणि "राहतेस ना?" असं विचारलं की ती "बघू" म्हणायची. मला ती राहायला हवी होती. पुण्यात ती एकटी असणार, या विचारानं माझी झोप उडायची.

गाडीत झोपून सहल करायची म्हणजे वुडलँड्सचा कॉजवे, म्हणजे समुद्रावरचा रस्ता, ओलांडून मलेशियात जोहोरलाच जायला हवं. तिथल्या एका काकांकडून आम्ही कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतली. ती माझ्या लग्नाच्याही आधीची निघाली. चढ आला की धापा टाकायची, हँडब्रेकचा भरवसा नाही, आणि इंजिन तापलं की थांबून पाणी ओतायचं. निघताना काकांनी सिंकखालची टाकी काठोकाठ भरून दिली आणि बजावलं, "वॉटर डोन्ट वेस्ट, लाह."

दिवस गेला तो जागा शोधण्यात. समुद्राकाठच्या एका कॅम्पवर रखवालदारानं गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, आत टॉयलेट आहे का? नव्हतं. मग जागाही नव्हती. पुढच्या ठिकाणी फक्त तंबू चालत होते. एकांनी आत घेतलं, पण वाळूत चाक रुतायला लागलं तशी आम्हीच माघार घेतली. फोनवर छान दिसणाऱ्या जागेला तर प्रत्यक्षात भलंमोठं कुंपण होतं. नवरा "अजून थोडंच" म्हणत होता आणि मी त्याच्याशी बोलणं सोडून दिलं होतं. पाठीचे तुकडे पडले होते. आई मागच्या बाकावर दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मध्येच म्हणाली, "स्थळं बघायला निघाल्यासारखं झालंय. मुलगी कुणालाच पसंत नाही." मी हसलेसुद्धा नाही.

संध्याकाळी एका नारळाच्या बागेच्या मालकानं हातानंच 'लावा' अशी खूण केली. जमीन सपाट होती, समुद्र जवळ होता. नळ मात्र नव्हता. टाकी भरलेली होती म्हणून आम्ही फिकीर केली नाही. दशम्या खाल्ल्या आणि मेल्यासारखे झोपलो.

सकाळी चहासाठी नळ सोडला तर नुसती फुसफुस. मी बाहेर आले. आई पदर खोचून निवांत पायरीवर बसली होती, आणि शेजारच्या दोन माडांची आळी ओलीचिंब.

"आई, टाकीतलं पाणी?"

"शिळं होतं ते. ओतून टाकलं. वाया नाही हो घालवलं, झाडांना घातलं. आता ताजं भरा."

"कुठून भरू?" मी ओरडलेच. "इंजिनात घालायला थेंब नाही!"

माझ्या माहेरी सकाळचा पहिला उद्योग हाच असे. कालचं पाणी कुंड्यांना घालायचं, हंडा घासायचा, ताजं भरायचं, मग चहा. ते होईपर्यंत आईच्या लेखी दिवस उजाडतच नसे. नवरा बिचारा कॅन उचलून मालकाच्या घराकडे चालू लागला. मी आईशेजारी बसले. भांडायलाही अंगात त्राण नव्हतं.

थोड्या वेळानं मी म्हणाले, "बिशानला तर तू कधी पाणी ओतलं नाहीस."

"तिथं कसं ओतणार?" ती सहज म्हणाली. "तुझं घर ना ते."

खरंच होतं. माझ्याकडे ती प्यायचं पाणीसुद्धा "घेऊ का गं?" असं विचारून घ्यायची. फ्रीज उघडतानाही तसंच. मला तो तिचा समजूतदारपणा वाटायचा. मैत्रिणींना मी तो कौतुकानं सांगायचे.

"आणि इथं बरं ओतलंस?"

"ही गाडी कुणाचीच नाही ना. म्हणून जरा माझी वाटली."

"आई, राहा ना गं. तिथंही ओत, काय ओतायचं ते."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू 'ओत' म्हणालीस म्हणून ओतायचं, तर ते घर तुझंच झालं की, बाळा. माझं तिकीट काढ."

मी 'बरं' म्हटलं.