धाकलीबायची भिंत

धाकलीबाय कोणाच्याही घरी गेली की आधी पेंढ्याच्या भिंतीला नाक लावायची. घरधनीण पाट मांडून "बस गो" म्हणत उभी, आणि ही कोपऱ्यात जाऊन भिंत हुंगते आहे! मग तिथल्या तिथे निकाल. "पानी आत शिरलाय. दिवाळीच्या आत उसव, नायतर पोरांवर पडंल." लोक तिला शिव्या देत आणि दिवाळीच्या आत भिंत उसवत.

बाळकुमला मी मास्तर म्हणून आलो तेव्हा आगगाडी ठाण्याहून कल्याणला जाऊ लागून वीसेक वर्षे झाली होती, पण गावची शाळा आंब्याखाली भरत होती. खात्याने कळवले, गावाने इमारत उभारावी. पावसाळाभर टिकली तर शाळा कायम, नाही तर बंद. भाताच्या पेंढ्याखेरीज गावाकडे होते काय? आणि पेंढ्याची भिंत घालावी ती धाकलीबायनेच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पन्नाशीची, काटकुळी आगरी विधवा. अहो-जाहो तिच्या बोलीत नव्हतेच. देवापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना ती "तू"च म्हणे.

तिचे काम पाहताना मला माझ्या शिकवण्याची लाज वाटे. आधी गुडघाभर दगडी जोते, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे पेंढ्याला लागत नाहीत. त्यावर करकचून बांधलेले पेंढ्याचे भारे, सांध्यावर सांधा येऊ न देता रचलेले. प्रत्येक थरातून बांबूची मेख खालच्या थरात ठोकायची आणि सगळे काथ्याने खांबांना आवळायचे. शेवटी आतून-बाहेरून शेणमातीचे तीन हात. एक गाठ सैल दिसली की ती साऱ्या गावाचा उद्धार करी. "वारा मानूस बघून येत नाय, गाठ बघून येतो!"

वैशाखात ठाण्याच्या कचेरीतून ओव्हरसियर पाहणीला आले. पश्चिमेकडून पावसाची झड येते, तेव्हा त्या भिंतीला शेणमाती चालायची नाही, होडीला लावतात ते डांबर फासा, असा त्यांनी हुकूम सोडला.

"होडी पान्यात र्‍हाते, भित वाऱ्यात र्‍हाते," धाकलीबाय म्हणाली. "तिला सास घेवा लागतो. तू तिचा नाक दाबतंस."

"बाई, मी हे शिकून आलोय."

"मंग तुज्या घराला लाव."

सरकारी माणसाशी वैर नको म्हणून मी मध्ये पडलो आणि भित्र्यासारखा हो म्हणालो. पश्चिमेची भिंत काळी झाली. धाकलीबायने माझ्याशी बोलणे टाकले.

श्रावणात एके दिवशी ती शाळेत शिरली, काळ्या भिंतीला आतून नाक लावले, आणि कोयत्याने ती फोडली. आतला पेंढा काळा, लिबलिबीत झाला होता. आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला डांबराने वाट ठेवली नव्हती. चूक माझीही होती, आणि ते मी तिला तिथेच सांगितले. ती म्हणाली, "बोलू नको, पेंढा आन."

पाचव्या दिवशी नवी भिंत उभी राहिली. शेणमाती ओली होती, म्हणून बाहेरून ताडाच्या पानांची विणलेली झापे बांधली होती. नेमके तेव्हाच ओव्हरसियर टपकले. परवानगीवाचून भिंत पाडली कोणी, म्हणून त्यांनी गाव डोक्यावर घेतले. धाकलीबायने कुजक्या पेंढ्याचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला.

"हा तुजा हुकूम. हुंग."

मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

पंधरा दिवसांत कचेरीचा कागद आला. भिंती धोक्याच्या असून केव्हाही पडतील, सबब इमारत पाडून शाळा बंद करावी. पाठोपाठ दोर घेऊन सहा गडी आणि ओव्हरसियर हजर. धाकलीबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पडाया आलीय ना? मंग ओढा!"

त्यांनी पश्चिमेच्याच भिंतीला दोर घालून ओढले. शेणाचे दोन पोपडे निघाले, दोर तुटला आणि सहाही जण चिखलात बसले. कुऱ्हाडी घ्या, म्हणून ओव्हरसियर ओरडले. पण गडी आसपासच्याच पाड्यांतले, गावात प्रत्येकाचे सोयरे; त्यांच्यापुढे पुन्हा शोभा करून घ्यायला कोणी तयार होईना. सगळे आल्या वाटेने गेले.

त्याच दिवशी मी वरच्या साहेबांना अर्ज लिहिला. जी भिंत केव्हाही पडेल असे कचेरी लिहिते, ती सहा जणांनी दोर लावून ओढली तरी पडली नाही. तरी शाळा चालू ठेवण्याची कृपा व्हावी. धाकलीबायला वाचता येत नव्हते, म्हणून मी तो तिला वाचून दाखवला.

"किरपा कसली?" ती कडाडली. "भित मी बांधली, पोरा गावाची, शिकवतंस तू. काड ती किरपा!"

मी ओळ बदलली: शाळा चालू आहे, कळावे. कागद खाडाखोडीचा झाला म्हणून नवी प्रत करायला बसलो, तर तिने दौत उचलून बाजूला ठेवली. "र्‍हाऊ दे तसाच. खोडलेला दिसू दे त्यांना."

शाळा राहिली. धाकलीबाय चार वर्षांनी तापाने गेली. त्यानंतर नोकरीतल्या एकाही अर्जात मी कृपा मागितली नाही. त्यापायी माझ्या तीन बदल्या झाल्या. होऊ देत.