कुरडईचं मीठ आणि माझी जीभ

चैत्रातला रविवार, सकाळ. हजर: सासूबाई, वाळूजहून आदल्या दिवशी मुक्कामाला आलेली नणंद, शेजारच्या खाला, आमचे हे आणि मी. काम: कुरडया. गहू भिजवून, वाटून, गाळून झाले होते. चीक पातेल्यात निवळून तयार होता. चीक स्वयंपाकघरात शिजवायचा, कुरडया गच्चीवर घालायच्या. गच्चीवर मी जायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

कारण मला ल्युपस आहे. शरीरातली जी फौज बाहेरच्या रोगांशी लढायला ठेवलेली असते, ती माझ्याच अंगावर उठते. सांधे, कातडी आणि आता मूत्रपिंडं. ऊन तिला चिथवतं. मागच्या वर्षी वाऱ्यानं उडणारी चादर धरायला मी भर दुपारी गच्चीवर धावले. आठवडाभरात गालांवर लाल चट्टे उठले, पाय सुजले, आणि कमी होत आलेलं स्टेरॉइड पुन्हा वाढलं.

स्टेरॉइडशी माझा व्यवहार रोखठोक आहे. ते सकाळी मला अंथरुणातून उठवतं, बोटांनी पोळ्या लाटू देतं, मूत्रपिंडं सांभाळतं. बदल्यात भूक वाढवतं, साखर आणि बीपी वाढवतं, हाडं झिजवतं आणि चेहरा भाकरीसारखा गोल करतं. बाजारात भेटणाऱ्या बायका म्हणतात, तब्येत छान झाली. मी थँक यू म्हणून पुढं जाते. समजावत बसलं तर भाजी राहते.

येत्या गुरुवारी लघवीचा रिपोर्ट दाखवायचा होता. प्रथिनं कमी झाली असतील तर गोळी कमी करू, असं डॉक्टर म्हणाले होते. अख्खं वर्ष मी याच एका वाक्यावर काढलं होतं. तेव्हा यंदा कुरडया झाल्या पाहिजेत आणि माझ्या अंगाला ऊन लागता कामा नये, या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या होत्या.

मी कामं वाटून दिली. ह्यांनी पातेली वर न्यायची. खाला आणि नणंदेनं सोऱ्या फिरवायचा. सासूबाईंनी कावळ्यांवर लक्ष ठेवायचं. मी आत, चिकाजवळ. घोटायला मनगटं साथ देत नाहीत, म्हणून घोटणंही ह्यांच्याकडे. माझं राखीव काम एकच: आधणाचं मीठ. आमच्याकडे हिंगापासून प्लॅस्टिकच्या कागदापर्यंत सगळं मोजून असतं, मीठ सोडून. ते माझ्या जिभेवर. लग्न झाल्यापासून आधण मी चाखते आणि मी पुरे म्हटलं की पुरे.

त्या दिवशी मी नेहमीसारखं थोडं थोडं मीठ टाकत चाखलं आणि पुरे म्हटलं. ह्यांनी विचारलं, एवढंच? मी नुसतं बघितलं. ते घोटायला लागले.

चीक शिजल्यावर सगळ्यांनी वाटीवाटी खाल्ला, अर्थात दूध-साखर घालून. माझी साखर वाढलेली, म्हणून मी नुसताच खाल्ला. मला तो उत्तम लागला. नंतर दिवसभर मी जिन्याच्या दाराच्या आत खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच सूचना दिल्या. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही नुसतं गोल तोंड दाखवत जा, कुरडया त्याच मापाच्या घालतो." दुपारी वारा सुटला, चादरीचं टोक उडालं. मी खुर्चीतून अर्धी उठले आणि परत बसले. खालांनी त्यावर वीट ठेवली. चार कुरडया मोडल्या, तेवढंच.

ऊन कडक होतं. मंगळवारी कुरडया खडखडीत वाळल्या. नणंद दुपारी आपल्या वाटणीच्या कुरडयांचा डबा भरून घेऊन वाळूजला गेली. संध्याकाळी मी आमच्यासाठी घाणा तळला. फुलल्या अशा की ताटात मावेनात. खालांनी एक तुकडा मोडून खाल्ला, थांबल्या, दुसरा खाल्ला.

"क्या गे बाई, नमक दुकान मेंच रह गया क्या?"

मी खाऊन बघितलं. मला बरोबर लागत होतं. ह्यांनी खाल्लं आणि मिठाची बरणी पुढं ओढली. तेव्हा कुठं उलगडा झाला. मूत्रपिंडांसाठी वर्षभर मी अळणी जेवते आहे. जीभ तेवढ्यावर खूश राहायला शिकली आणि मला काही कळवलंही नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइडचे परिणाम सांगितले होते, डोळ्यांवर परिणाम करणाऱ्या दुसऱ्या गोळीचेही. कुरडईचं कुणी बोललं नव्हतं.

सोऱ्या नाही, घोटणं नाही, गच्ची नाही; एक मीठ उरलं होतं, तेही गेलं. तेवढ्यात लक्षात आलं, सासूबाईंचं तिसऱ्या कुरडईवर काम चालू होतं. त्यांनाही बीपी. तळण-पापडाचं खारट त्यांना बंद केलेलं, आणि बंद करणारी मीच.

"लई दिवसानं कुरडई खाल्ली बघ," त्या म्हणाल्या. "आता दरसाल तूच टाकीत जा मीठ."

खाला इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी आपल्या वाट्यावर मीठ-तिखट भुरभुरलं आणि प्रश्न मिटवला.

गुरुवारी रिपोर्ट दाखवला. प्रथिनं उतरली होती. डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली आणि बजावलं, सकाळी सांधे कुरकुरतील, आपल्या मनानं पुन्हा वाढवायची नाही, मीठ आहे तसंच ठेवायचं. मी म्हटलं, तसंच ठेवते, घरात त्याला मागणी आहे. त्यांना काही कळलं नाही. मला रिक्षात बसेपर्यंत हसू आवरेना.

पुढच्या वर्षी दोन घाणे करायचे: सासूबाईंचा आणि माझा माझ्या जिभेनं, बाकीच्यांचा खालांच्या. डोळ्यांच्या तपासणीची वेळ घेतली. कमी झालेली गोळी डबीत भरली.

राहिलं एकच. रविवारी नणंदेकडे तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, आणि ताटात वहिनीच्या हातच्या कुरडया वाढायच्या असं तिनं जाताना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. तिला फोन करायचा आहे.