मी गुणगुणेपर्यंत

माझे मिस्टर गेले त्या सकाळी त्यांचा ॲम्प्लिफायर चालूच होता.

चहाच्या आधी त्यांनीच लावला होता. दुपारपर्यंत आमच्या सीपरी बाजारातली निम्मी गल्ली घरात जमली, आणि कोपऱ्यात त्या ॲम्प्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह आपले मंद तांबडे जळत होते.

शेजारचे एकजण हळूच म्हणाले, "भाभीजी, ये बंद कर दें?"

मी म्हटलं, "रहने दीजिए."

आज वर्ष झालं.

विनायकरावांची नोकरी रेल्वेत, पण जीव सगळा गाण्यात. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेलं मराठी घर. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा यांचं मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. स्वयंपाकघराला जुन्या थाटात "मुदपाकखाना" म्हणायचे, आणि लगेच पुढे "जल्दी कर ना गं!"

दुकानातली म्युझिक सिस्टीम यांनी स्वतः कधी आणली नाही. ॲम्प्लिफायर स्वतः जोडला. बडा बाजारात भंगारातले जुने रेडिओ धुंडाळून त्यातले कागदी पडद्याचे स्पीकर काढून आणले. सुताराच्या मागे लागून त्यांना शिसवी खोकी करून घेतली.

मे महिना, बाहेर लू चाललेली, कूलर धापा टाकतोय, आणि हे व्हॉल्व्ह तापवत बसलेले!

"अहो, आत माझी एक शेगडी पेटलीय ती पुरे नाही का?"

हसायचे. ऐकायचे मात्र नाहीत.

यांची तपासायची रीतही जगावेगळी. मीटर-बिटर काही नाही. आतला एखादा पार्ट बदलायचा, मला सांगायचं नाही, ठुमरीची रेकॉर्ड लावायची आणि आपल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसायचं. मी आत पोळ्या लाटत असायचे.

थोड्या वेळाने हाक यायची. "अगं, सांग तर सही, कसं वाटतंय?"

"छान! एकदम क्लिअर!" असं मी म्हटलं की संपलंच. लगेच स्क्रूड्रायव्हर बाहेर.

पण मी उत्तरच दिलं नाही, नुसती गुणगुणत राहिले, तर हे समाधानाने बसून राहायचे. तो पार्ट पक्का. आता त्याला हात लावायचा नाही.

हे गौडबंगाल मला कळायला बरीच वर्षं लागली. कळल्यावर एकदा मुद्दाम ओठ घट्ट मिटून पोळ्या लाटल्या. जमलं नाही हो. गाणं असं काही आत यायचं की माझा आवाज कधी त्यात मिसळला, मला समजलंच नाही. बाहेरून यांचं हसू ऐकू आलं तेव्हा चिडले.

मुलगा, ओंकार, बंगळुरूला नोकरीला लागला. पहिल्या दिवाळीला मोठ्या हौसेने भारीतले स्पीकर घेऊन आला. काय ते डिटेल! गाणाऱ्या बाईंनी श्वास कुठे घेतला, मागे कोण खाकरलं, कुणाची खुर्ची करकरली, सगळं सगळं.

"बाबा, हे तुम्ही आजवर ऐकलंच नव्हतं!"

"कमाल है बेटा," हे म्हणाले. "पार बाईंच्या घशात डोकावून आलो. पण त्या कुणासाठी गात होत्या, ते काही कळलं नाही."

पोराचं तोंड एवढंसं झालं. मग यांनाच वाईट वाटलं. ते स्पीकर ओंकारच्या खोलीत लावले आणि तो होता तितके दिवस रोज तिथे जाऊन, त्याच्याशेजारी बसून ऐकले.

काल तो आला. आज वर्षश्राद्धाला माणसं येणार, म्हणून सकाळी बाबांची सिस्टीम पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाला, "आई, हे स्पीकर असे वाकडे का ठेवलेत? खुर्चीत बसलं की आवाज दबलेला येतो. बाबांसारख्या माणसाने एवढी साधी चूक करावी?"

मला काय ठाऊक? मी इतकी वर्षं फक्त त्यांच्याखालचा केर काढला, आणि जरा जागा हलली की बोलणी खाल्ली.

ओंकारने दोन्ही स्पीकर खुर्चीकडे सरळ वळवले. रेकॉर्ड लावली आणि खुर्चीत बसून "वा!" म्हणाला.

मी आत वड्यांचं पीठ भिजवत होते. मला नुसतं काहीतरी घुमल्यासारखं ऐकू येत होतं. शब्द नाही, सूर नाही. वाटलं, बिघडलं. पिठाच्या हाताने तशीच दारात आले. "अरे, काय केलंस तू? आत काहीच येत नाहीये."

ओंकारने माझ्याकडे पाहिलं. मग स्पीकरकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"आई, ते वाकडे नव्हते," तो म्हणाला. "तुझ्याकडे होते."

त्याने ते परत होते तसे फिरवले.

मी हात धुतले आणि यांच्या खुर्चीत जाऊन बसले. संसारात पहिल्यांदा. घरातल्या बाईला तशी सवड कुठे असते?

खरंच, तिथून गाणं धड ऐकू येत नाही. यांना ते पक्कं ठाऊक असणार.

तिथून फक्त मुदपाकखान्याचं दार दिसतं, आणि दारातून ओटा.

ओट्याशी कोणी नव्हतं.

अहो, एकदा तरी सांगायचंत. स्वयंपाकाला उशीर झाला असता तर झाला असता. मी तुमच्याशेजारी येऊन बसले असते.

भावपूर्ण श्रद्धांजली बाकीचे खाली लिहितीलच. मला तुमची फार आठवण येते, विनायकराव. नमस्कार करते.