हॉल रिकामा झाला नाही, त्या वर्षी

कुसुमवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सदर बाजारात पडद्यांचं कापड मोजून घेत होते. "काकी, आई नहीं रही," एवढंच त्यांचा मुलगा म्हणाला. मी कापड घेतलं, स्कूटर काढली आणि शंकर नगरला त्यांच्या घरी गेले. माणसं जमायच्या आत घरात पिण्याचं पाणी भरून ठेवावं, रडायला मग वेळ असतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. याला आता दीड महिना झाला.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, तेव्हाची गोष्ट. वहिनी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष, मी सचिव. गणपतीच्या तोंडावर बीरगांवात पाणी शिरलं आणि कारखान्यांतल्या मजुरांची बावीस कुटुंबं आमच्या हॉलमध्ये आली. चार दिवस सगळ्यांनी मनापासून केलं. पाचव्या दिवशी तिकडच्याच मजुरांच्या मोर्चावर लाठ्या चालल्या, शहर बंद झालं, चौकात टायर जळाले… आणि कुणीतरी उठवलं की मोर्चेवाले आमच्या हॉलमध्ये लपलेत, आता दगड पडणार. त्यात गणपती तीन दिवसांवर. मंडळ निघाल्यापासून तो कधी हॉलबाहेर बसला नव्हता. समितीने हॉल रिकामा करायचं ठरवलं. नोटीस मी लिहिली. मला ती बरोबरच वाटत होती.

अध्यक्षांच्या सहीशिवाय आमच्याकडे नोटीस लागत नाही. वहिनींनी ती उभ्यानेच वाचली.

"सुनंदा, पाणी उतरलं का तिकडे?"

"नाही. पण गणपती…"

"मंग काहून हाकलून राहिली त्यायले? गणपती माह्या पडवीत बसवा."

"आणि दगड आले तर?"

"आपण दोघी दारात बसू. तू जाडी आहे, तुले जास्त लागतील."

सही झाली नाही. दोन दिवस आम्ही खरंच हॉलच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलो. एकदा दहा-बारा जण काठ्या घेऊन आले. वहिनींनी सूप खाली ठेवलं नाही, पुढच्याला म्हणाल्या, "भैया, किसके घर से हो?" तो एका ओळखीच्या रेल्वेवाल्याचा मुलगा निघाला. मान खाली घालून परत गेला, त्याच्यामागे बाकीचे. गणपती पडवीत बसला, आरतीला निम्मी माणसं रस्त्यावर उभी. "वहिनी, बाप्पाला बेघर केलंत," असं एक सभासद म्हणालेच. "बेघर कुठं? माह्याकडे हाये. तुम्ही कोणाले नेलं घरी?" ते त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

पंधरवड्याने पाणी ओसरलं. जाण्याआधी त्या बायकांनी हॉल धुतला आणि भिंतींना खालून हातभर छुही सारवली. छुही म्हणजे इथली पांढरी माती, सणाला त्या आपल्या घराला लावतात. समितीला तिथे ऑइल पेंट हवा होता. वहिनींनी तो लावू दिला नाही, आणि दरवर्षी गणपतीआधी तो पट्टा स्वतः सारवत राहिल्या. गुडघे गेले तरी पाटावर बसून.

काल मी बादलीत छुही भिजवली. हाताला सवय नाही… पट्टा वाकडा आला आहे. आता तसाच राहील.