एकच शब्द

नर्सिंगच्या वर्गात आज बाईंनी फळ्यावर 'अबॉर्शन' लिहिलं आणि म्हणाल्या, "गर्भ आपोआप पडला, तरी डॉक्टरी भाषेत हाच शब्द."

माझं पेन थांबलं. ताईचा गर्भ आपोआप पडला त्या वेळी डॉक्टरांनी हाच शब्द उच्चारला, तेव्हा तिच्या सासूबाई दवाखान्यातच ओरडल्या होत्या, "पाडलंस ना गं माझं नातवंड?" तेव्हापासून ताई माहेरीच आहे.

आमच्या घरात शिकणारी मी पहिलीच, पुस्तकं माझ्यासोबतच आली, म्हणून असेल, शब्दांवर माझा फार विश्वास होता. जे हातून निसटलं आणि जे मुद्दाम सोडलं, त्या दोन्हींना एकच नाव कसं?

मधल्या सुट्टीत ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सासूबाईंना नव्हतं गं ठाऊक. पण डॉक्टर तिथंच उभे होते ना?"