पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या मुली

ऑनलाइन जगात स्वतःची माहिती कशी सांभाळावी, हे शिकवायचा तास कॉलेजात माझ्या गळ्यात पडला. असले बिनपगारी तास शेवटी कॉमर्सच्या बाईंच्याच गळ्यात पडतात. मीही इरेला पेटून शिकवलं. जन्मतारीख, फोटो, पत्ता, नंबर कुणी मागितला की आधी त्यालाच विचारायचं: कशाला पाहिजे? कुठं ठेवणार? आणखी कुणाला देणार? निपाणीच्या त्या दुपारी मागचे बाक पेंगत होते. पुढच्या बाकावरची शेवटच्या वर्षाची एक मुलगी मात्र डोळे मोठे करून ऐकत होती. तिला पदवीनंतर बेळगावला एम.कॉम.ला जायचं होतं.

आठवड्याभरात ती मला वधू-वर ग्रुपवर दिसली. भाच्यासाठी मी त्या ग्रुपात आहे. फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, रंग, मामाचं गाव, घराची खूण आणि तिचा स्वतःचा मोबाइल नंबर. नातेवाइकांनी तो बायोडाटा चिकोडीपासून कोल्हापूरपर्यंत पोचवला. संध्याकाळी तो आमच्या गल्लीच्या पाण्याच्या ग्रुपवरही आला, टँकर कधी येणार याच्या खाली.

तिचा फोन दिवसभर वाजायला लागला. कुणी 'जेवलीस काय' विचारी, कुणी काहीच न बोलता फोन धरून बसे. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, तुमी करू नका म्हटलेलं समदं आमच्या आप्पांनीच केलंय. आणि आता तेच म्हणत्यात, लई फोन यायलेत, बेळगाव नको, लगीनच उरकू."

मी तणतणत तिच्या घरी गेले. आप्पा, म्हणजे तिचे वडील, शांतपणे म्हणाले, "मॅडम, माहिती झाकली की लोक म्हणत्यात पोरीत कायतरी खोट हाय. रविवारी बघायला येणार हाईत, तुमीबी या. शिकलेलं माणूस बसलं की जरा वजन पडतंय."

भांडायला गेलेली मी आमंत्रण घेऊन परत आले.

रविवारी शिरा झाला, चहा झाला. पाहुण्यांत नवरा मुलगा आणि त्याचे थोरले काका होते. तिचाच बायोडाटा मोबाइलवर उघडून, बोटांनी मोठा करून, त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

मुलगी खाली बघतच म्हणाली, "कशाला पाहिजे?"

काकांना वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नसेल. "जन्मतारीख?"

"कुठं ठेवणार?"

"अगं, शिक्षण तरी सांग."

"आणखी कुणाला देणार?"

सगळी बैठक माझ्याकडे बघायला लागली. मी बशीत उरलेल्या शिऱ्यात बेदाणे शोधायला घेतले. मला एकदमच हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

काका मात्र भला माणूस. चिडले नाहीत, तोंडी परीक्षा असल्यासारखी उत्तरं द्यायला लागले. "जमतंय का बघायला पाहिजे. ठेवणार ह्या मोबाइलातच. आणि आमाला न्हाय जमलं तर दुसऱ्या कुणाचं जमंल म्हणून पुढं देतो. पुण्य लागतंय." पुरावा म्हणून त्यांनी मोबाइल आप्पांसमोर धरला आणि एकेक फोटो सरकवायला लागले. "ही हुक्केरीची. ही हिंडलग्याची, सैपाक एक नंबर. आणि ही बघा..."

आप्पांनी त्यांचा हात धरला.

फोटोत आप्पांची थोरली लेक होती. लग्न होऊन दोन पोरांची आई झालेली. लग्नाआधीच्या त्या फोटोत ती हिरवी साडी नेसून याच घराच्या दारात उभी होती आणि खाली तिचा नंबर होता.

"हिचं अजून जमलं न्हाय वाटतं," काका हळहळले. "परवाच दोघांना पाठवलाय की."

"माझी लेक हाय ती," आप्पा म्हणाले. "काढा तो फोटो."

"काढायचं मला येत न्हाय."

नवऱ्या मुलानं मान खाली घालून तो काढला. पण पुढं कुणाकुणाला गेला होता, ते काकांना आठवेना.

आप्पा कुणाकडेच न बघता म्हणाले, "जावई संशय घेतोय तिच्यावर. परके लोक फोन करत्यात म्हणून. मीबी तिलाच बोललो."

शेवटी काकांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की पोरगी लई हुशार आहे, आम्हाला पसंत आहे.

"ती बेळगावला शिकायला जाणार हाय," आप्पा म्हणाले, आणि पाहुण्यांच्या चपला सरळ करायला उठले.

ती बेळगावला गेली. काही महिन्यांनी तिथल्या खडेबाजारात आप्पा भेटले, तिच्या खोलीसाठी चादर आणि बादली घेत होते. तिनं नंबर बदलल्याचं मला कळलं होतं. मी म्हटलं, "तिचा नवा नंबर द्या की."

आप्पांनी मोबाइल बाहेर काढला, जरा थांबले, आणि परत खिशात ठेवला.

"तिला विचारून सांगतो, मॅडम."

क्षणभर मला रागच आला. मला? तिच्या मॅडमला? मग भर बाजारात माझे डोळे भरून आले.